ससा-खारीला फक्त रिमफायर, कोल्ह्याला मात्र सेंटरफायर चालते… कॅलिबरच्या नियमांचं गणित कोणी समजावेल का?

कोरा_कागद

नमस्कार मंडळी. आधीच सांगतो, भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे शिकार बंद आहे हे माहीत आहे, तो वाद इथे कृपया नको. जिथे लायसन्स काढून कायदेशीर शिकार चालते तिथल्या नियमांबद्दल विचारतोय. माझा एक मित्र परदेशात शिकारीच्या लायसन्सचा कोर्स करतोय, मला स्वतःला फक्त रेंजवर टार्गेट मारायचा नाद आहे, शिकारीतलं ओ की ठो कळत नाही, तरी तो अभ्यासातले प्रश्न माझ्याकडे फेकतो आणि मग दोघंही रात्रभर फोनवर भांडतो.

तर मुद्दा असा. छोट्या शिकारीला, म्हणजे ससे खारी वगैरे, बऱ्याच ठिकाणी नियम आहे की रायफल रिमफायरच हवी (रिमफायर आणि सेंटरफायर हे काडतूस कसं पेटतं त्याचे दोन प्रकार) आणि कॅलिबर, म्हणजे गोळीची जाडी इंचात, .२२ किंवा त्याहून लहान. बरं. आता .२२ एलआर (लाँग रायफल) ह्या रिमफायरच्या गोळीचा व्यास साधारण .२२३ इंच आणि .२२३ रेमिंग्टन ह्या सेंटरफायरच्या गोळीचा .२२४ इंच. एक हजारांश इंचाचा फरक!! कॅलिपर लावल्याशिवाय कळणार पण नाही. तरी पहिली सशाला चालते, दुसरी चालत नाही, तीच दुसरी कोल्ह्याला आणि कोयोटीला (अमेरिकेतला लांडग्यासारखा प्राणी) चालते, आणि तीच परत हरणाला कित्येक ठिकाणी चालत नाही कारण म्हणे लहान पडते. एकवेळ हे पण समजून घेऊ. पण मग .१७ रेमिंग्टन घ्या, कॅलिबर .२२ पेक्षा लहान, तरी सशाला बाद कारण सेंटरफायर. आणि .१७ एचएमआर ही रिमफायर मात्र पास, जिची ताकद .२२ एलआरच्या जवळपास दुप्पट आहे.

म्हणजे नियम करणाऱ्यांना नेमकं अडवायचंय काय? गोळीची जाडी, ताकद, आवाज, का अजून काही? मित्राचं म्हणणं, याच्यात लॉजिक शोधू नकोस, पाठ कर आणि पेपर दे. मला ते पटत नाहीये. कोणी जाणकार असेल तर जरा विस्कटून सांगा.

रानवाट

चांगला धागा. तुमचा गोंधळ होतोय कारण तुम्ही कॅलिबरच्या आकड्यात एकच कारण शोधताय. कारणं तीन आहेत, एकमेकांशी फारसा संबंध नसलेली, आणि कायदा तिन्हींना तोच आकडा लावून मोकळा होतो.

आधी ताकदीचं बघू म्हणजे ते एक हजारांश इंचाचं भूत उतरेल. .२२ एलआरची नेहमीची ४० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी सेकंदाला साधारण १२०० फुटांनी निघते, नळीच्या तोंडाशी ऊर्जा १३० फूट-पाउंडच्या आसपास. .२२३ रेमिंग्टनची ५५ ग्रेनची गोळी ३२०० फुटांच्या वर, ऊर्जा साडेबाराशे तेराशे फूट-पाउंड. जाडी तीच, ताकद दहापट. म्हणजे व्यास बघून ताकद ओळखायला जाल तर फसणारच. फरक सगळा मागच्या काडतुसात आहे, किती बारूद आणि किती प्रेशर.

आणि इथेच ‘रिमफायर’ ह्या अटीची खरी गंमत आहे. .२२ चं रिकामं काडतूस हातात घेऊन बुडाशी बघा, मधे काही नसतं (सेंटरफायरला पेटणारी टोपी मधोमध असते), कडेला एक चपटी घडी असते आणि त्या घडीवर फायरिंग पिनचा आयताकृती ठसा उमटलेला दिसतो. पेटणारा मसाला त्या घडीच्या आतल्या पोकळीत भरलेला असतो, पिनने ती घडी चेपली की तो पेटतो. आता पिनने चेपायची म्हणजे पितळ पातळच ठेवावं लागतं, आणि पातळ पितळ फार प्रेशर सोसत नाही. .२२ एलआरची प्रेशरची मर्यादा २४,००० पीएसआय, .२२३ रेमिंग्टनची ५५,०००. म्हणजे कायद्यात ‘रिमफायर’ एवढं लिहिलं की ताकदीवर आपोआप झाकण बसतं, ऊर्जेचा आकडा द्यायलाच लागत नाही. ज्यांनी हे नियम लिहिले त्यांना बॅलिस्टिक्स किती कळत होतं देव जाणे पण मर्मावर बोट बरोबर ठेवलंय.

तुमच्या .१७ रेमिंग्टनचं उत्तर पण ह्यातच आलं. ती नळीने बारीक आहे पण काडतूस मोठं, वेग सेकंदाला ४००० फुटांच्या घरात. सशाला लागली तर ससा म्हणून काही शिल्लक राहत नाही.

आता तीन कारणं. पहिलं, गोळी चुकली किंवा आरपार गेली तर पुढे कुठवर जाणार. दुसरं, जनावर पटकन मरणार का जखमी होऊन झुडपात जाऊन दोन दिवस तडफडणार. तिसरं, ज्याच्याबद्दल पुस्तकात कोणी लिहीत नाही, चोरटी शिकार. सशासाठी वरची मर्यादा असते ती पहिल्या आणि तिसऱ्यासाठी, हरणासाठी खालची मर्यादा असते ती दुसऱ्यासाठी. आणि कोल्हा, कोयोटी हे मधे लटकलेत म्हणून त्यांचे नियम जागोजागी सगळ्यात जास्त बदलतात.

कोरा_कागद

भारीच! रिमफायरच्या घडीचं हे आजवर कोणी सांगितलं नव्हतं, रेंजवर इतकी रिकामी काडतुसं झाडून काढली पण कधी उलटी करून बघितली नाहीत. पण ते तिसरं कारण नाही कळलं. कॅलिबरचा आणि चोरीचा काय संबंध?

रानवाट

सांगतो. समजा हरणाचा सीझन बंद आहे पण खारींचा चालू आहे. जंगलात एक माणूस .३०-०६, म्हणजे मोठ्या शिकारीची रायफल, घेऊन फिरताना गार्डला भेटला, विचारलं काय करताय, तर म्हणाला खारी मारतोय. खोटं बोलतोय हे शेंबडं पोर पण सांगेल, पण सिद्ध कसं करणार? हरीण तर अजून मारलेलं नाही. आता नियम असेल की खारीला .२२ रिमफायरच चालते, तर गार्डला काही सिद्ध करायचं कामच उरत नाही, नळीवर कोरलेलं वाचलं की झालं. गुन्हा तिथेच, हातात, धातूवर छापलेला.

रात्रीचं तर अजून जास्त. कोल्हे, रॅकून, कोयोटी ह्यांची शिकार बऱ्याच ठिकाणी रात्री करता येते, हरणाची नाही. रात्री शेताच्या कडेला दिवा घेऊन उभा असलेला माणूस कोल्ह्यासाठी उभाय का हरणासाठी, बाहेरून दोन्ही सारखेच. म्हणून काही राज्यं रात्री वेगळी अट घालतात. मॅसॅच्युसेट्समध्ये रात्रीच्या वेळी .२२ लाँग रायफलपेक्षा मोठं काडतूस घेणारी रायफल चालत नाही, दिवसा कोयोटीला मोठी घेता येते. आता कोयोटीच्या दृष्टीने बघितलं तर हा नियम वाईट आहे, कारण १३० फूट-पाउंडने कोयोटी धड मरेलच ह्याची खात्री नाही, लोक ओरडतात पण त्याच्यावरून. पण तो नियम कोयोटीसाठी केलेलाच नाहीये. अंधारात गोळी कुठे जाते ते दिसत नाही ही एक भीती आणि हरणाची चोरी ही दुसरी.

ह्याचंच उलटं टोक पण आहे. काही राज्यांत हरणाचा बंदुकीचा सीझन चालू असतो तेवढे दिवस कोयोटी मारायची तर हरणाला कायदेशीर असलेलंच हत्यार हातात पाहिजे, एरवी कोयोटीला काहीही चालतं तरी. त्याचं कारण परत तेच, त्या दिवसांत गार्डला लांबून बघून कळलं पाहिजे कोण काय करतोय.

खडूस_पण_खरा

रानवाट यांच्या बाकी सगळ्याशी सहमत, पण ‘गोळी कुठवर जाणार’ हे कारण त्यांनी फार सहज पुढे सारलंय, तिथे जरा थांबू. सगळ्यांच्या डोक्यात एक चित्र फिट्ट बसलंय की .२२ म्हणजे पोराटोरांचं खेळणं, सेफ, आणि .२२३ म्हणजे युद्धातली, डेंजर. हे चित्र अर्धवट आहे.

.२२ एलआरच्या खोक्यावर इशारा छापलेला असतो, दीड मैलापर्यंत धोका. लोक वाचत नाहीत. आणि त्याहून वाईट म्हणजे तिची गोळी मऊ शिशाची, बोथट, हळू जाणारी आणि अख्खी राहणारी. कठीण जमिनीवर, दगडावर, पाण्यावर तिरकी लागली की टप्पा खाते आणि सुंईऽऽ करत भलतीकडेच निघते, ज्यांनी रेंजवर एकदा तो आवाज ऐकलाय ते विसरत नाहीत. उलट .२२३ ची किंवा .१७ एचएमआरची पातळ कवचाची व्हर्मिंट (उपद्रवी छोट्या प्राण्यांसाठीची) गोळी इतक्या वेगात असते की जमिनीला लागताच तिचे तुकडे होतात, पुढे जायला काही उरतच नाही. सपाट शेतात कोल्ह्यावर मारायची झाली तर बरोबर गोळी घातलेली .२२३ ही .२२ एलआरपेक्षा टप्प्याच्या बाबतीत मी सुरक्षित मानेन. ‘बरोबर गोळी घातलेली’ हे शब्द अधोरेखित करून वाचा, कारण त्याच रायफलीत फुल मेटल जॅकेट (पूर्ण धातूच्या कवचाची गोळी) घातलीत तर तुकडेबिकडे काही होत नाहीत, सरळ पुढच्या गावाला.

आणि ही नुसती माझी बडबड नाही. पेनसिल्वेनियात विधिमंडळाच्या समितीसाठी २००७ मध्ये एक अभ्यास झाला होता, प्रश्न हा की हरणाच्या शिकारीत शॉटगन आणि मझललोडर (नळीच्या तोंडातून बारूद भरायची बंदूक) हे सेंटरफायर रायफलपेक्षा खरंच कमी धोक्याचे आहेत का. निघालं असं की नळी आकाशाकडे उचललेली असेल, म्हणजे नेम खूपच वर गेला असेल, तर रायफल जास्त धोक्याची, गोळी लांब जाते. पण नळी जवळपास आडवी असताना, म्हणजे माणूस प्रत्यक्षात जशी मारतो तशी, शॉटगनची जड स्लग, म्हणजे छर्ऱ्यांऐवजी एकच मोठी गोळी, टप्पा खाऊन जास्त लांब जायची. म्हणजे दाट वस्तीच्या भागात रायफल बंद आणि शॉटगन चालू ही जी सोय वर्षानुवर्षं सुरक्षिततेच्या नावावर चाललीये तिचा पायाच जरा ठिसूळ निघाला. तो अभ्यास हरणाचा होता, सशाचा नाही हे मान्य, पण फिजिक्स काही जनावर बघून बदलत नाही.

सुरक्षितता येते ती मागे मातीचा चढ असेल तर. कॅलिबरचा नियम करून येत नाही. पण चढाचा नियम कायद्यात लिहिणार कसा, म्हणून कॅलिबर लिहितात. माझं मत.

रानवाट

@खडूस, मान्य, पण पूर्ण नाही. टप्प्याचं तुमचं बरोबर. पण खारीवर माणूस मारतो कुठे? झाडावर. म्हणजे नळी वरच असते, मागे चढ नाही, आकाश. त्या कोनात तुम्ही दिलेलाच अभ्यास सांगतो की जास्त वेगाची गोळी लांब जाते. म्हणून खारीसाठी निदान रिमफायरची अट मला योग्य वाटते, आणि खरं विचाराल तर खार फांदीवर असेल, मागे खोड नसेल, तर .२२ पण मारू नये, छर्ऱ्याची बंदूक घ्यावी.

खडूस_पण_खरा

हे मात्र कबूल. झाडावर मारायचा मुद्दा माझ्या हिशोबात नव्हता.

मोजपट्टी

मी युरोपातले नियम जरा वाचलेत म्हणून लिहितो, कारण धाग्याकर्त्याचा मूळ प्रश्न ‘व्यास का ताकद’ ह्याचं उत्तर तिथे एकदम उघडं पडतं. हे हरणांचे नियम आहेत पण धीर धरा, कोल्ह्यावर येतो.

इंग्लंड आणि वेल्समध्ये हरणाला किमान .२४० इंच कॅलिबर आणि नळीच्या तोंडाशी किमान १७०० फूट-पाउंड. फक्त मंटजॅक आणि चायनीज वॉटर डिअर ह्या दोन बुटक्या जातींना सूट आहे, त्यांना .२२० कॅलिबर, १००० फूट-पाउंड आणि किमान ५० ग्रेनची गोळी चालते. आता सीमा ओलांडून स्कॉटलंडला जा, तिथे नियमात कॅलिबरच नाही! रो डिअरला (छोट्या जातीचं हरीण) गोळीचं वजन किमान ५० ग्रेन, वेग किमान सेकंदाला २४५० फूट, ऊर्जा किमान १००० फूट-पाउंड, बास. म्हणजे .२२३ घेऊन स्कॉटलंडमध्ये रो मारणं कायदेशीर, आणि तीच रायफल, तीच गोळी, तोच रो जातीचा प्राणी सीमेच्या दक्षिणेला दिसला तर गुन्हा.

पुढे जर्मनी. तिथे मोजतात पण नळीच्या तोंडाशी नाही, १०० मीटरवर. रो डिअरला १०० मीटरवर १००० ज्यूल उरले पाहिजेत, कॅलिबरची अट नाही. रानडुक्कर, रेड डिअर वगैरे बाकीच्या मोठ्या खुरवाल्यांना २००० ज्यूल आणि वर किमान ६.५ मिलिमीटर कॅलिबर. आता ह्यात .२४३ विंचेस्टर बिचारी कशी अडकते बघा. इंग्लंडमध्ये .२४० च्या अटीतून ती जेमतेम तीन हजारांश इंचाने सुटते आणि तिथे रेड डिअरपर्यंत सगळ्याला कायदेशीर आहे. जर्मनीत चांगल्या लोडमध्ये १०० मीटरवर २००० ज्यूल सहज देते, पण व्यास ६.२ मिमी, म्हणून रेड डिअरला आणि डुकराला बाद. ताकदीत पास, जाडीत नापास.

माझ्या मते स्कॉटलंडची पद्धत सगळ्यात प्रामाणिक कारण जनावराला जे लागतं तेच मोजलंय. पण तपासायला सगळ्यात अवघड पण तीच. रानात उभ्या माणसाच्या गोळीचा वेग कोण मोजणार, क्रोनोग्राफ घेऊन कोण फिरणार. .२४० मात्र नळीवर वाचता येतं. कॅलिबर हे कायद्याला आवडतं ते ह्याच्यासाठी. बरोबर आहे म्हणून आवडत नाही, वाचता येतं म्हणून आवडतं.

आता कोल्हा. जर्मनीत कोल्ह्याला हा ज्यूलवाला आकडा लागूच नाही कारण तो खुरवाला नाही. इंग्लंडमध्ये पण कोल्ह्याला कायद्यात किमान कॅलिबर दिलेलं नाही. पण तिथे दुसरीच मेख आहे, प्रत्येक रायफल पोलिसांकडून सर्टिफिकेटवर चढवून घ्यावी लागते आणि ती कशासाठी हवी हे कारण द्यावं लागतं, आणि सर्टिफिकेटवर अट म्हणून ते लिहून येतं. म्हणजे .२२ एलआर सशांसाठी म्हणून घेतली आणि अटीत कोल्हा नसेल, तर कायद्यात कॅलिबर नसूनही तुम्ही अडकलात. हल्ली बऱ्याच जणांना ‘आणि इतर कोणतीही कायदेशीर शिकार’ अशी सैल अट मिळते, मग हा त्रास उरत नाही. कॅलिबरचं बंधन कायद्यातून काढून माणसाच्या कागदावर नेलंय एवढाच फरक.

एअर रायफलचं पण तिथे असंच, १२ फूट-पाउंडपर्यंत सर्टिफिकेट लागत नाही, त्याच्यावर गेली की ती रायफलच समजतात. .१७७ असो का .२२ असो, व्यास कोणी विचारत नाही. सशाला तेवढी पुरते, जवळून आणि डोक्यात लागली तर.

कोरा_कागद

.२४३ चं वाचून हसू आवरेना. मित्राला आत्ता फॉरवर्ड केलं, त्याचं उत्तर आलं, ‘म्हणून म्हणत होतो पाठ कर’ 😄

पण अजून एक शंका. रानवाट म्हणाले रिमफायर म्हटलं की ताकदीवर झाकण बसतं. मग हे झाकण कायमचं आहे का? म्हणजे उद्या कोणी जास्त ताकदीची रिमफायर काढली तर?

रानवाट

काढली की! उद्या कशाला, काढून झाली. .२२ एलआर आहे १८८७ ची, तेव्हापासून बघा. १९५९ मध्ये .२२ मॅग्नम म्हणजे डब्ल्यूएमआर आली, ४० ग्रेन, ३०० फूट-पाउंडच्या थोडं वर. २००२ मध्ये .१७ एचएमआर, ती मॅग्नमचंच काडतूस गळ्याशी आवळून बनवलीये, १७ ग्रेनची टिचभर गोळी पण वेग २५५०, ऊर्जा २४५. मग २०१३ मध्ये विंचेस्टरने .१७ डब्ल्यूएसएम काढली, २० ग्रेन, ३००० फूट वेग, ४०० फूट-पाउंड. तिचं काडतूस कुठून घेतलं माहितीये का, बांधकामावर खिळे ठोकायच्या गनमध्ये जे .२७ चं ब्लँक काडतूस वापरतात त्याच्यावरून. त्याचं पितळ जाड, म्हणून प्रेशर जास्त सोसतं.

म्हणजे ‘.२२ किंवा त्याहून लहान रिमफायर’ हा नियम लिहिला तेव्हा त्याचा अर्थ व्यवहारात १३० फूट-पाउंड असा होता, आज त्याच वाक्यात ४०० बसतात, आणि कायद्याचा एक शब्द बदललेला नाही. पेनसिल्वेनियात छोट्या शिकारीला असंच वाक्य आहे, .२२ किंवा कमी, रिमफायर. मॅग्नम घ्या, एचएमआर घ्या, सगळं त्यात येतं.

तुरेवाली

मोठमोठे आकडे वाचून गंमत वाटली, पण खाणं आणि कातडं ह्याबद्दल कोणी बोललंच नाही 🙂 मी ज्या लोकांबरोबर फिरले त्यांच्या तोंडी कायद्याच्या आधी हेच असायचं.

सशाला .१७ एचएमआर कायदेशीर असली तरी धडात लागली तर पुढचं मांस फेकूनच द्यावं लागतं, ती गोळी आत फुटते, बरगड्यांच्या आतलं सगळं एकत्र होतं, रक्त मांसात मुरतं आणि बारीक धातूचे कण राहतात ते वेगळेच. म्हणून ज्यांना ससा खायचा असतो ते .२२ एलआर सबसॉनिक (आवाजापेक्षा कमी वेगाची) वापरतात आणि डोक्यातच मारतात, अंतर पन्नास-साठ मीटरच्या आत. आवाज पण कमी, शेजारचा ससा कान टवकारतो आणि परत चरायला लागतो. हे बघितलंय.

कातड्याचं ह्याच्या उलट! कोल्हा, कोयोटी ह्यांचं कातडं विकायचं असेल तर आरपार जाणारी गोळी नको, कारण जिथून बाहेर पडते तिथे मुठीएवढं भोक पडतं आणि मग शिवत बसा. तिथे फुटणारी हलकी गोळी बरी, छोट्या भोकाने आत जाते आणि आतच संपते. .२०४ रुगर लोकांना आवडते ती ह्याच्यासाठी. .२४३ कोल्ह्याला कायद्याने चालत असली तरी कातडंवाले तिला हात लावत नाहीत.

आणि अजून एक, कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून कुठल्याही शिकारीला शिशाची गोळी चालत नाही, खार असो का कोयोटी असो. कारण कॉन्डोर गिधाडं. मेलेल्या जनावरातले शिशाचे कण त्यांच्या पोटात जातात आणि विषबाधा होते. मोठ्या कॅलिबरला तांब्याच्या चांगल्या गोळ्या मिळतात पण .२२ एलआरची पंचाईत, शिसं जड म्हणून त्या छोट्याशा गोळीत वजन बसतं, तांबं हलकं, वजन उतरतं आणि नेमावर पण परिणाम होतो. म्हणजे तिथे कॅलिबर कायदेशीर आणि आतली गोळी बेकायदा असं होऊ शकतं. मित्राला सांगा, नियम वाचताना फक्त रायफलचं पान वाचून उठू नकोस, काडतुसाचं पान वेगळं असतं.

खडूस_पण_खरा

+१. सेमीऑटोचं (पुढची गोळी आपोआप भरणाऱ्या बंदुकीचं) पान पण वेगळं असतं, मॅगझिनमध्ये किती राउंड चालतात ते अजून वेगळं, आणि दर वर्षी बदलतं. जुनं पुस्तक घेऊन फिरणाऱ्याला दंड झालेला बघितलाय.

कोरा_कागद

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. शेवटचा प्रश्न, मित्राचाच आहे. त्याला एकच रायफल घ्यायचीये, ससे पण आणि कोल्हे पण, आणि कायद्यात पण बसली पाहिजे. त्याच्या इथे छोट्या शिकारीला .२२ किंवा लहान रिमफायर आणि कोल्ह्याला वरची मर्यादा नाही. काय सांगू?

रानवाट

मग .२२ मॅग्नम. रिमफायर आहे म्हणून सशाला चालेल, आणि कोल्ह्याला शंभर यार्डाच्या आत, नेम छातीत बरोबर असेल तर पुरते. सशाला जरा जास्तच होते, डोक्यात मारायची सवय लावावी लागेल. कोयोटी असतील तर मात्र तिच्या भरवशावर राहू नका, तो कोल्ह्याच्या दुप्पट तिप्पट वजनाचा प्राणी, त्याला .२२३ च घ्यावी.

तुरेवाली

मी .२२ एलआरच घ्यायला सांगेन आणि कोल्ह्याला पैसे साठवून नंतर दुसरी. दोन्ही जमवायला गेलं की सशाचं मांस जातं आणि कोल्हा पण जखमी होऊन पळतो.

मोजपट्टी

आणि घ्यायच्या आधी त्या भागात रात्री काय चालतं ते बघायला सांगा. कोल्हा दिवसा किती वेळा दिसणारे? रात्रीचा नियम .२२ एलआरपर्यंतच असेल तर मॅग्नम घेऊन अर्धा उपयोग गेला.

कोरा_कागद

विचारलं. रात्री रिमफायर सगळ्या चालतात म्हणे, सेंटरफायर नाही. आणि कोयोटी तिकडे नाहीतच.

रानवाट

मग मॅग्नमच. दिवा लावणार असेल तर एवढंच सांगा की नुसते चमकणारे डोळे बघून मारायची नाही, अंग दिसलं पाहिजे, मागे काय आहे ते पण. चमकणारे डोळे शेजाऱ्याच्या कुत्र्याचे पण असतात.